मास्टर दीनानाथ : मालक या नात्याने

दीनानाथ मंगेशकर हे नाव उच्चारताच ऐकणाराला त्यांचे गाणे आठवते. त्या गाण्याविषयी बोलण्याचा अधिकार आमचा नाही. आमचे आयुष्य कारखान्याच्या दारात, पगारपत्रके आणि करारनामे वाचण्यात गेले. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि बैठकांत शिकलो. म्हणून आम्ही दीनानाथांकडे निराळ्या बाजूने पाहू इच्छितो. १९१८ पासून सुमारे सोळा वर्षे ते मालक होते; आधी नाटक मंडळीचे, मग बोलपट कंपनीचे. अनेक माणसांची चूल त्यांच्या नावावर पेटत होती. ती कशी पेटली आणि का विझली, हा आजचा विषय. तिचा शेवटचा अंक सांगलीत झाला, आणि सांगली तर आपल्या आष्टेकरांची बाजारपेठ. तेव्हा ही गोष्ट परक्या गावची नव्हे.

आष्ट्याची भावई पाहत वाढलेल्यांना सोंग म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पण सोंगाचा धंदा कधी झाला, हे पाहिले पाहिजे. १८४३ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि तो आश्रय सुटला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरती धरली, मुंबईस जाऊन तिकीट लावून खेळ केले. राजाच्या कोठारातले धान्य गेले आणि प्रेक्षकाच्या खिशातला पैसा आला. नाटकवाल्यांचा धनी बदलला तो येथे.

पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर मंडळीचा जमाना सुरू झाला. या मंडळीचा इतिहास आम्हांस फार बोलका वाटतो. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिच्यातून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर, दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले व त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. दोन्ही वेळा पगारी नटच मालक झाले. दीनानाथांना तेव्हा अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. भांडवल म्हणाल तर दीनानाथांचा गळा आणि चिंतामणरावांचा अभिनय, एवढेच मोठे भांडवल होते. आपल्या अंगच्या कसबावर आपलीच सत्ता असावी, ही कामगाराची जुनी इच्छा होय. बलवंत मंडळी ही तिचीच एक परीक्षा होती.

नाटक मंडळी म्हणजे काय, हे तरुण श्रोत्यांना आज सांगावे लागते. ते एक फिरते बिऱ्हाड असे. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, हमाल, सारे एका गावाहून दुसऱ्या गावी जात. पडदे, पोषाख, पेट्या, सारे सामान बरोबर. पगार ठरलेला, आणि जेवण मंडळीच्या पंक्तीत. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतील हंगामी कामगाराला बंद हंगामातला भत्ता मिळावा म्हणून किती वर्षे झगडावे लागले, हे आपण जाणता. नाटक मंडळीत खेळ नसला तरी पंक्ती बसे. पण या पंक्तीचा हक्क कोठेही लिहिलेला नव्हता. मालक भला असेल आणि गल्ला भरत असेल, तोवर ताट मांडले जाई. भलेपणावर चाललेली व्यवस्था भल्या दिवसांपुरतीच असते.

बलवंतचे भले दिवस पुष्कळ होते. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले. त्यांचे 'भावबंधन' या मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यात चिंतामणरावांचा घनश्याम गाजला, आणि लतिकेची भूमिका दीनानाथ करीत. मालकाने लुगडे नेसून रंगमंचावर उभे राहावे आणि खेळानंतर हिशेब पाहावा, असा तो धंदा. १९२७ साली वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभि' आले. १९३१ साली 'संन्यस्त खड्ग' आले. त्याचे लेखक सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सरकारची नजर असलेल्या माणसाचे नाटक घेणे म्हणजे साऱ्या बिऱ्हाडाची भाकरी पणाला लावणे. ती जोखीम या मालकांनी घेतली, हे त्यांच्या बाजूने नोंदले पाहिजे.

पण 'संन्यस्त खड्ग' आले त्याच वर्षी मुंबईत 'आलम आरा' हा बोलपट लागला. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला आणि पडदा मराठी बोलू लागला. गावोगावच्या नाटकगृहांत यंत्रे बसू लागली. ज्या पैशात मंडळीचा एक खेळ होई, त्याहून स्वस्तात बोलपटाचे दिवसाला अनेक खेळ होऊ लागले. तेव्हा बलवंतच्या मालकांनी ठरवले की आपणही बोलपट काढावा. सांगलीत बलवंत पिक्चर्स उभी राहिली आणि १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' निघाला. दिग्दर्शन चिंतामणराव आणि विश्राम बेडेकर यांचे. बेडेकरांचे ते चित्रपटातले पहिलेच पाऊल.

चित्रपट अपयशी ठरला, अंगावर कर्ज आले आणि मंडळी मोडली. याचे खापर कोणी नशिबावर फोडतात, कोणी दीनानाथांच्या उधळ्या स्वभावावर. आम्हांस कारण धंद्याच्या रचनेत दिसते. नाटकाचा पैसा रोज येतो. एक नाटक पडले तर उद्या दुसरे लावता येते. नटाचा घसा बसला तर पद गाळता येते. बोलपटात सारा पैसा आधी ओतावा लागतो, आणि एकदा फीत तयार झाली की प्रेक्षकांसमोर तीत काही सुधारता येत नाही. शिवाय कसब निराळे. प्रभातचे दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हाताने कामे करून तयार झालेले. शांतारामांनी तर हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातही घाम गाळलेला. यंत्र बिघडले तर ते मालक यंत्राला हात घालू शकत. बलवंतचे मालक रंगभूमीवर राजे होते, पण यंत्राच्या खोलीत पाहुणे. १९१८ साली त्यांचे भांडवल त्यांच्या अंगात होते. १९३४ साली ते सावकाराच्या तिजोरीत गेले, आणि मालकी नावापुरती उरली.

२४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ पुण्यात वारले. वय एक्केचाळीस. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता बारा वर्षांची. घराचा भार तिच्यावर आला. स्नेही मास्टर विनायक यांनी हात दिला आणि त्याच साली ती 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात काम करू लागली. कामगार विम्याचा कायदा १९४८ सालचा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ सालचा, आणि सिने-कामगारांसाठी कायदे झाले ते १९८१ साली. मालकाच्या लेकरांना जेथे काही आधार नव्हता, तेथे पडदे ओढणाऱ्या गड्यांच्या लेकरांचे काय झाले असेल? त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. चिंतामणरावांनी उतारवयात 'बहुरूपी' हे आत्मचरित्र लिहिले, त्याला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मंडळीतले जग कळायला ते पुस्तक वाचावे, अशी आमची शिफारस आहे. ते १९५९ साली निवर्तले.

या कथेला एक शेपूट आहे, आणि आम्हां कामगारवाल्यांना ते विशेष मोलाचे वाटते. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गाणारीचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे नाव छापले गेले होते. कष्ट एकीचे, नाव भलतीचे! पुढे साठीच्या दशकात याच बाईंनी मागणी केली की गाणे विकले जाते तोवर गाणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळावा. महंमद रफी यांचे मत पडले की एकदा मोबदला घेतला की व्यवहार संपला. त्यावरून दोघांत बिनसले आणि काही वर्षे त्यांनी एकत्र गाणे सोडले. गायकांच्या त्या वाट्याला कायद्याचा आधार मिळाला तो २०१२ सालच्या दुरुस्तीने.

लताबाईंना ही मागणी कोणी शिकवली, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु बापाचा गळा हेच एका मंडळीचे भांडवल होते आणि तो गळा थांबताच घरात काही उरले नाही, हे त्यांनी बाराव्या वर्षी पाहिले होते. दीनानाथांच्या मालकीचा हिशेब मांडताना आम्ही तोट्याच्या बाजूला एक चित्रपट लिहू, आणि जमेच्या बाजूला सोळा वर्षांची पंक्ती. त्या पंक्तीत प्रेम होते. करारनामा नव्हता. आजही आपल्या गावात तमाशाचे फड येतात, वाद्यवृंद येतात, जत्रेत खेळ लागतात. टाळ्या द्याच; पण खेळ संपल्यावर पडद्यामागे जाऊन एवढे जरूर विचारा, की उद्या यातला एखादा आजारी पडला तर त्याच्या घरी चूल कशी पेटेल.