‘सांगितले म्हणून केले’ याच्या पुढे : प्रस्तावना

डिसेंबर 1993 मध्ये दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात विषमज्वराने आजारी असलेले एक लहान मूल दाखल झाले. शिरेतून द्यायचे इंजेक्शन निवासी डॉक्टरने स्वतः द्यावे, असे वरिष्ठांनी सांगून ठेवले होते. त्याने ते काम नर्सवर सोडले. आधी टेस्ट करावी लागते का, असे आई-वडिलांनी विचारलेही. गरज नाही, असे उत्तर मिळाले. इंजेक्शन जाताच मूल आईच्या मांडीवर कोसळले, त्याचे हृदय बंद पडले. जीव वाचला, पण मेंदूला झालेली इजा कायमची राहिली. पुढे असे निघाले की इंजेक्शन देणाऱ्या नर्सची कोणत्याही राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या या खटल्यात रुग्णालयाला जबाबदार धरले. मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांच्या मनःस्तापाबद्दल वेगळे पाच लाख रुपये भरपाई मंजूर झाली.

वैद्यकीय कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल बहुधा भरपाईच्या प्रकरणात येतो. साहाय्यकाने तो वेगळ्या नजरेने वाचावा. एकाने सांगितले, दुसऱ्याने ते पुढे ढकलले, तिसरीने केले. ‘हे काम माझे आहे का?’ हा प्रश्न दुसऱ्याने विचारला नाही, तिसरीनेही नाही. या पुस्तकाचा सगळा खटाटोप तो प्रश्न विचारण्याची सवय लागावी यासाठी आहे.

वैद्यकीय साहाय्यक म्हणजे कोण, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. नर्स, एएनएम, लॅब टेक्निशियन, एक्स-रे काढणारे, ओटी असिस्टंट, कंपाउंडर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, काउंटरवर केसपेपर काढणारी रिसेप्शनिस्ट असे सगळे इथे अभिप्रेत आहेत. तालुक्याच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात यातली चार-पाच कामे एकच मुलगी करते. ती नंबर लावते, बीपी बघते, इंजेक्शन भरते, पुड्या बांधते आणि पैसेही घेते. डॉक्टर रुग्णाशी बोलतात ती काही मिनिटे. त्याच्या आधीचा आणि नंतरचा सगळा वेळ रुग्ण या मंडळींच्या हाती असतो.

हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, जिव्हाळा आणि स्वच्छता असावी, अशी अपेक्षा तिथे आहे. आधुनिक कायदा मात्र या तिसऱ्या पायापर्यंत टप्प्याटप्प्याने आला. औषधे देणाऱ्यांसाठी 1948 चा फार्मसी कायदा झाला आणि महाराष्ट्रातल्या परिचारिकांसाठी 1966 चा. टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट आणि तत्सम अनेक व्यवसायांना देशपातळीवर एकत्र आणणारा सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा थेट 2021 मध्ये संमत झाला. दवाखान्यात ‘बघून बघून शिकलेली’ मुलगी यातल्या कोणत्याच नोंदवहीत नाही. तिला मदत करण्यास कायद्याची ना नाही. जिथे वैद्यकीय निर्णयाची किंवा विशेष कौशल्याची गरज आहे तिथे मात्र तिच्यावर काम सोपवता येत नाही. सोपवणारा डॉक्टर तर दोषी ठरतोच, पण करणारीही सुटत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘काही झाले तर डॉक्टर बघतील, आपण नोकर माणसे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात ऐकू येते. नुकसानभरपाईच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य आहे, कारण नोकराच्या चुकीचे ओझे सहसा मालकावर जाते. फौजदारी कायदा मात्र करणाऱ्याचा हात बघतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 106 काळजीपूर्वक वाचावे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून असे घडले तर ही मर्यादा दोन वर्षांवर येते. ही सवलत ज्यांचे नाव राष्ट्रीय किंवा राज्याच्या वैद्यकीय नोंदवहीत आहे त्यांच्यापुरतीच आहे. नर्स, टेक्निशियन किंवा कंपाउंडर तिच्यात बसत नाहीत. प्रत्येक चूक गुन्हा ठरते असा याचा अर्थ नव्हे. गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो, हे जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली ठरले आहे.

तो खटलाही साहाय्यकांनी मुळातून समजून घ्यावा असा आहे. लुधियानाच्या रुग्णालयात एका रुग्णाला श्वास घेता येईना. ऑक्सिजन लावला तर सिलिंडर रिकामा निघाला. मुलाने शेजारच्या खोलीतून दुसरा आणला, पण तो जोडण्याची सोय नव्हती. त्या मिनिटांत रुग्ण दगावला. न्यायालयाने डॉक्टरवरचा फौजदारी खटला रद्द केला, पण रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी असू शकते, हा मुद्दा मोकळा ठेवला. सिलिंडरचा काटा रोज कोणी बघायचा, बघितल्याची नोंद कुठे करायची आणि पाळी बदलताना ती पुढच्याला कशी द्यायची, हे वैद्यकशास्त्राचे गहन प्रश्न नाहीत. ते साहाय्यकाच्या रोजच्या कामाचे प्रश्न आहेत.

पुढचा भाग संमतीचा. ‘इथे सही करा, काही नाही, फॉर्मॅलिटी आहे’ हे वाक्य बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा साहाय्यकच असते. समीरा कोहली खटल्यात एका 44 वर्षांच्या स्त्रीने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना साहाय्यक डॉक्टर ऑपरेशन थिएटरबाहेर आली, बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशयासह बीजकोश काढले गेले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम होती, जिवावर बेतलेली तातडी नव्हती, तेव्हा आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही. तपासणीची परवानगी म्हणजे शस्त्रक्रियेची परवानगी नव्हे. शस्त्रक्रिया समजावून सांगण्याचे काम डॉक्टरचे आहे. साहाय्यकाचे काम एवढेच की रुग्णाला काही कळलेले नाही असे दिसले तर कागद पुढे सरकवण्याआधी डॉक्टरांना बोलवायचे. नवऱ्याची सही घेतली म्हणजे बायकोचे काम झाले, ही आपल्याकडची जुनी सवयही याच प्रकरणात तपासली आहे.

गोपनीयतेवरची दोन प्रकरणे मुद्दाम लांब ठेवली आहेत, कारण लहान गावात हाच विषय सर्वांत अवघड असतो. काउंटरवरच्या मुलीची आत्या आणि रुग्णाची सासू एकाच आळीत राहतात. रिपोर्टचा फोटो ‘जरा व्हॉट्सॲपवर पाठव गं’ असे सांगणारा रुग्णाचा दीर असतो आणि त्याला नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख उघड करण्यास 1971 चा कायदा 2021 च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट मनाई करतो. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करू नये आणि निष्कर्ष फोडू नये, हे 2017 च्या कायद्यात आहे. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल खूण करून ठेवण्यामागे सहकाऱ्यांनी जपावे हा हेतू असेल. पण हातमोजे आणि सुया हाताळण्याची काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते, त्यामुळे त्या खुणेचे समर्थन उरत नाही.

आणि तरीही गप्प राहणे हे प्रत्येक वेळी कर्तव्य नसते. सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर येते, पोटात गर्भ आहे, आई हात जोडून म्हणते, ‘ताई, कुठे बोलू नका.’ 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो की अल्पवयीनांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्या कोणाला असेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. या भीतीने कुटुंबे भोंदूंकडे वळतात, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये वाट काढली : मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला कळवताना तिचे नाव उघड करण्याची सक्ती नाही. साहाय्यकाने इथे स्वतःच्या अंगावर निर्णय घेऊ नये. आईला खोटे आश्वासन देऊ नये, बाहेर चकार शब्द काढू नये आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. दोन कर्तव्ये समोरासमोर उभी राहतात तेव्हा काय करायचे, याचा अभ्यास म्हणजेच नीतिशास्त्र.

नोंदींबद्दल विद्यार्थी कंटाळतात, म्हणून एकच उदाहरण देतो. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला, 1988 साली. केंद्राचा कायदा 1994 चा. त्याखाली गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो : पत्ता, आधीची मुले, कोणी पाठवले, कशासाठी, स्त्रीचे आणि डॉक्टरचे प्रतिज्ञापत्र. हा फॉर्म बहुधा काउंटरवर भरला जातो. रकाना रिकामा राहिला किंवा माहिती चुकली तर कायदा ती निव्वळ कारकुनी चूक मानत नाही. ते उल्लंघन समजले जाते आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी डॉक्टरवर येते. ही तरतूद 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. घाईत सोडलेल्या एका रकान्याचे वजन त्यावरून कळावे. दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षे जपावेत आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत द्यावेत, हा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियमही रोजच्या उपयोगाचा. चुकलेली नोंद व्हाइटनरने पुसायची नाही; एक रेघ मारून, खालचे वाचता येईल असे ठेवून, बाजूला तारीख आणि सही करायची.

कायदा साहाय्यकाकडून फक्त मागतो असे नाही, तो देतोही. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा परिचारिकांनाही संरक्षण देतो. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा वॉर्डातल्या मावशींनाही लागू आहे. या हक्कांचे प्रकरण पुस्तकाच्या शेवटी नसून मध्यावर आहे. स्वतः असुरक्षित असलेला माणूस दुसऱ्याच्या हक्कासाठी तोंड उघडत नाही, असे आमचे मत आहे.

या विषयावर मराठीत लिहिताना अरुणा शानबाग यांचे नाव टाळता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर 1973 मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. 2015 साली त्या वारल्या, तोवर चार दशकांहून अधिक काळ त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना दयामरण मिळावे या याचिकेवर 2011 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मानला तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. विरोध करणाऱ्या परिचारिकांचे म्हणणे बरोबर होते की याचिकेचे, यावर वर्गात जरूर वाद घालावा. आम्ही उत्तर दिलेले नाही. एवढे मात्र दिसते की पिढ्यानपिढ्या केलेल्या शुश्रूषेला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकाराचे स्थान दिले.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रसंग दिले आहेत. ते गटात बसून, शक्य तर डॉक्टरांनाही बोलावून चर्चेला घ्यावेत. कलमांचे आकडे पाठ करण्याची गरज नाही. ते बदलतात, आणि बदलले की पुस्तकही बदलावे लागेल. पाठ व्हायचे ते चार प्रश्न : हे काम माझे आहे का, रुग्णाला समजून पटले आहे का, हे कोणाला कळायला हवे आणि कोणाला नको, आणि मी केले ते लिहिले का? फोनवर आलेली ऑर्डर मोठ्याने परत वाचून दाखवणे, सही मागणे, ‘सर, हे मला येत नाही’ असे म्हणणे, ही सगळी त्याच प्रश्नांची कृतीतली रूपे आहेत.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करावे. आपली नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे आहे आणि ती कधीपर्यंत वैध आहे, हे कागद काढून बघावे. नोंदणी लागू नसेल तर आपण कोणती कामे करायची याची यादी डॉक्टरांकडून लिहून मागावी. अनेकांना ही यादी आजवर कोणी दिलेली नाही. ती मागताना जो संकोच वाटेल, तिथूनच हा अभ्यास सुरू होतो.