सेटअप फाइलींचे खासगी संग्रह

इन्स्टॉलर म्हणजे संगणकावर प्रोग्रॅम बसवून देणारी फाइल. प्रोग्रॅम एकदा चालू झाला की तिची गरज संपते, आणि बहुतेक वेळा ती डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते. तरीही गेली चार दशके अनेक जण या फाइली पुसून न टाकता निगुतीने जपत आले आहेत. आधी त्या फ्लॉपीवर राहिल्या, मग सीडीवर, पुढे जादा हार्ड डिस्कवर. जपण्यामागची कारणे मात्र दर टप्प्यावर बदलली आणि त्याबरोबर संग्रह लावण्याची रीतही बदलत गेली.

सुरुवात अमेरिकेतली. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८ मध्ये शिकागोत पहिले संगणकीय बुलेटिन बोर्ड सुरू केले. टेलिफोनवरून दुसऱ्याच्या संगणकाशी जोडून घ्यायचे आणि तिथल्या फाइली उतरवून घ्यायच्या, ही सवय अशा बोर्डांमुळे रुजली. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगलमन यांनी 'पीसी-टॉक' आणि जिम नॉफ यांनी 'पीसी-फाइल' हे प्रोग्रॅम एका नव्या अटीवर दिले: खुशाल कॉपी करा, मित्रांना द्या, उपयोगी वाटले तर पैसे पाठवा. शेअरवेअर म्हणतात ते हेच. इथे कॉपी करणे हीच विक्रीची व्यवस्था असल्यामुळे फाइल जपणारा प्रत्येक जण नकळत वितरकही होता.

मोठे सार्वजनिक साठेही याच काळात उभे राहिले. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या लष्करी क्षेपणास्त्र चाचणी केंद्राच्या संगणकावर 'सिमटेल' हा संग्रह होता आणि कीथ पीटरसन तो सांभाळत. १९९३ मध्ये तो संगणक बंद झाला. पण त्याआधीच वॉलनट क्रीक या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने त्यातला माल सीडींवर भरून विकायला काढला होता. मूळ यंत्र गेले तरी संग्रह घरोघरी उरला. पुढच्या तीस वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडायचे होते.

डॉसमध्ये फाइलीच्या नावाला आठ अक्षरे आणि प्रकारासाठी तीन, एवढीच जागा होती. त्यामुळे नाव ठेवणे हे कौशल्याचे काम होते. 'पीकेझेड२०४जी' एवढ्या सात अक्षरांत फिल कॅट्झ यांच्या पीकेझिप या फाइली आवळून बांधणाऱ्या प्रोग्रॅमचे नावही आले आणि २.०४जी ही आवृत्तीही. उरलेली माहिती झिपच्या आत 'फाइल_आयडी.डीआयझेड' नावाच्या छोट्या मजकुरात असे: प्रोग्रॅम काय करतो, कोणाचा आहे, कोणती आवृत्ती आहे. बुलेटिन बोर्डाचे सॉफ्टवेअर तो मजकूर आपोआप वाचून यादीत टाकत असे. फाइलीच्या ओळखीने फाइलीबरोबरच प्रवास करावा, ही त्यामागची दृष्टी फार मोलाची होती. नुसते नाव किती फसवे असते, तेही लवकरच दिसले. १९९५ च्या सुमारास 'पीकेझेड३००बी' नावाची फाइल पीकेझिपची नवी आवृत्ती म्हणून फिरत होती. कॅट्झ यांच्या कंपनीने अशी आवृत्ती काढलीच नव्हती. ती फाइल डिस्कवरचा माल नष्ट करण्यासाठी बनवलेली होती.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी मिळाले, विदेश संचार निगमकडून. त्यानंतरची बरीच वर्षे डायल-अपची. ५६ केच्या मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला पाचेक केबी मिळत. म्हणजे दहा एमबीच्या सेटअपला अर्ध्या तासाहून अधिक वेळ, फोनचे बिल वेगळे, आणि मध्येच लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. तुटलेले डाउनलोड तिथूनच पुढे चालू करणारे गेटराइट किंवा फ्लॅशगेटसारखे डाउनलोड मॅनेजर म्हणूनच प्रिय झाले. संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींनाही त्यामुळेच मोल होते. 'चिप'ची भारतीय आवृत्ती, नंतर 'डिजिट', आणि लिनक्सची सीडी वाटणारे 'पीसीक्वेस्ट' यांनी हजारो घरांत सेटअप पोहोचवले. मासिक रद्दीत जाई, सीडी पाऊचमध्ये राही. एवढ्या खर्चाने आणि चिकाटीने उतरवलेली फाइल पुसून टाकणे कोणाला परवडणारे नव्हते.

दुसरे कारण होते 'फॉरमॅट मारणे'. विंडोज मंदावली किंवा व्हायरस शिरला की सगळे पुसून नव्याने टाकायचे, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय. मग सारे प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागत. त्यात ड्रायव्हरची अडचण विशेष जाचक होती. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवणारे असेंबलर म्हणूनच मदरबोर्डाच्या सीडींची थप्पी कायम बरोबर बाळगत. विंडोज एक्स्पीचा दुसरा सर्व्हिस पॅक २००४ मध्ये आला, तो सुमारे २६६ एमबीचा होता. डायल-अपवर तो सलग पंधरा तास चालला असता. एकाने ब्रॉडबँडवर उतरवायचा आणि बाकीच्यांनी सीडीवर न्यायचा, हाच व्यवहार्य मार्ग होता.

लांब नावे ठेवण्याची सोय झाल्यावर नामकरणाचा प्रश्न सुटायला हवा होता. उलट तो बिघडला. इन्स्टॉलर बनवण्याची साधने सोपी झाली (जॉर्डन रसेल यांचे इनो सेटअप १९९७ मधले) आणि असंख्य प्रोग्रॅम 'सेटअप.ईएक्सई' या एकाच नावाने येऊ लागले. दोन महिन्यांनी त्यातले कोणते कशाचे हे सांगणे अशक्य होई. अनुभवी संग्राहकांनी यावर जी शिस्त बसवली ती आजही उत्तम आहे. प्रोग्रॅमचे नाव, आवृत्ती, ३२ की ६४ बिट आणि तारीख फाइलीच्या नावातच लिहायची. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र फोल्डर द्यायचे, त्यात परवान्याची की आणि फाइल जिथून उतरवली तो मूळ पत्ता साध्या मजकूर फाइलीत ठेवायचा. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी काढायची नाही, कारण जुन्या संगणकावर अनेकदा जुनीच चालते. यातला मूळ पत्ता लिहिणे सर्वांत जास्त टाळले जाते आणि तेच सर्वांत आवश्यक आहे. एक्स्पीच्या त्याच सर्व्हिस पॅकपासून विंडोज डाउनलोड केलेल्या फाइलीला 'ही इंटरनेटवरून आली' अशी अदृश्य खूण लावते. पण साध्या फॅट३२ पेन ड्राइव्हवर कॉपी केली की ती खूणही गळून पडते.

फाइल कुठून आली याला २०११ नंतर आणखी महत्त्व आले. त्या वर्षी डाउनलोड.कॉमने इतरांच्या प्रोग्रॅमांभोवती स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळून त्यातून टूलबार घुसवायला सुरुवात केली. एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या कर्त्याने त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर जिंप या चित्रप्रोग्रॅमबाबत तसेच झाले. त्यामुळे फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, नोंदवून ठेवण्याची पद्धत वाढली. एमडी५ हा हॅश १९९२ चा. मुद्दाम बनवलेल्या फसवणुकीपुढे तो टिकत नाही हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तेच शा-१ या दुसऱ्या हॅशबाबत २०१७ मध्ये प्रत्यक्ष दिसले. आज शा-२५६ वापरणे योग्य. डिस्क खराब होऊन फाइल बिघडली का, एवढेच पाहायला जुन्या नोंदीतला एमडी५ मात्र अजून पुरतो.

ब्रॉडबँड स्वस्त झाल्यावर हे संग्रह निरर्थक वाटू लागले. लागेल तेव्हा उतरवून घेऊ, असा भरवसा वाटत होता, आणि नेमका याच काळात तो मोडला. नोव्हेंबर २०१३ मध्ये विनअँप हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम महिन्याभरात बंद होणार अशी घोषणा झाली. पुढे मालकी बदलून तो वाचला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२० मध्ये शा-१ सही असलेल्या विंडोजच्या फाइली आपल्या डाउनलोड केंद्रातून काढल्या आणि जुन्या विंडोजला लागणारे बरेच काही अधिकृत जागेवरून नाहीसे झाले. अडोबीचा फ्लॅश प्लेयर १२ जानेवारी २०२१ पासून आतल्या तरतुदीनेच चालेनासा झाला. ती तरतूद नसलेली जुनी आवृत्ती ज्यांनी ठेवली होती त्यांच्याकडेच तो चालत राहिला. १९९३ पासूनचे टूकाउज हे डाउनलोड संकेतस्थळही २०२१ च्या सुरुवातीला बंद झाले. त्याचा साठा इंटरनेट आर्काइव्हकडे गेला, हे सुदैव.

फाइल हातात असूनही उपयोग नाही, असे प्रकारही वाढले. एखाद-दोन एमबीचा इन्स्टॉलर चालवला की तो खरा प्रोग्रॅम त्याच वेळी कंपनीच्या सर्व्हरवरून आणतो; सर्व्हर गेला की इन्स्टॉलर पोकळ. म्हणून जाणकार 'ऑफलाइन इन्स्टॉलर' शोधून तोच ठेवतात. ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशनचा अडथळा याहून कठीण आहे. अडोबीने आपल्या सीएस२ या प्रोग्रॅमसंचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा अ‍ॅक्टिव्हेशन न मागणारी आवृत्ती उपलब्ध करून दिली. असे सौजन्य क्वचितच दिसते. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयट्यून्स १२.७ मधून आयफोनची अ‍ॅप संगणकावर ठेवण्याची सोयच काढली.

मराठीत या संग्रहांना एक खास प्रयोजन आहे. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी टंकलेखन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयलीप व इतर पॅकेजांत झाले. त्यांचे फाँट आपापल्या सांकेतिक रचनेचे. तो फाँट नसेल तर मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. काही पॅकेजांना हार्डवेअर लॉकही लागत असे. दिवाळी अंक, पुस्तके आणि कार्यालयीन कागद यांच्या त्या काळच्या फाइली उघडायच्या तर तेव्हाचे सेटअप, फाँट आणि ते चालतील अशी विंडोज, तिन्ही हवीत. एखाद्या जुन्या डीटीपी चालकाने ती सीडी जपली असेल, तर त्याने मराठी मजकुराचा एक तुकडा वाचवला आहे.

भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला बॅकअप काढू देते. मात्र ती सवलत नुकसानीपासून तात्पुरत्या संरक्षणापुरती आणि मूळ वापरापुरतीच आहे. विकत घ्यायचे सॉफ्टवेअर वाटत सुटण्याची मुभा त्यात नाही. मुक्त परवान्याच्या प्रोग्रॅमांना ही अडचण नसते. साठवणुकीच्या साधनांचे म्हणाल तर घरी लिहिलेल्या सीडी रंगद्रव्याच्या थरावर अवलंबून असल्याने उष्ण, दमट हवेत लवकर खराब होतात आणि वर्षानुवर्षे वीज न मिळालेले पेन ड्राइव्ह भरवशाचे नसतात. म्हणून काळजीपूर्वक ठेवलेले संग्रह दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असतात, त्यातली एक दुसऱ्या जागी. ठरावीक काळाने सगळे हॅश पुन्हा काढून नोंदीशी ताडले जातात, आणि जुळत नाही ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून भरून घेतली जाते.