‘तो’ म्हणजे ‘ती’सुद्धा?

सार्वजनिक क्षेत्राचे शहर म्हणून बंगळुरूची जी जडणघडण झाली, तिचा आरंभ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यापासून होतो. त्यांनी १९४० मध्ये उभारलेला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना पुढे सरकारकडे गेला. स्वातंत्र्यानंतर इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८), हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) हे उद्योग आले. यंत्रांबरोबर व्यवस्थापनाची परिभाषाही आली: फोरमन, वर्कमन, चेअरमन, मॅनपॉवर. टेलिफोन व घड्याळे जोडणाऱ्यांत अनेक स्त्रिया होत्या. या शब्दांत मात्र त्या नव्हत्या.

यावर प्रशासनाचे उत्तर तयार असते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १३ नुसार, संदर्भ विरोधी नसल्यास पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘वर्कमन’ ही स्त्रीदेखील असू शके. मग तक्रार कशाची?

तक्रार अशी की, एरवी ‘तो’ पुरेसा मानणाऱ्या नियमांना ‘ती’ आठवे ती बहुधा मज्जाव करताना. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ ने स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामास मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. परंतु जिला रात्रपाळीच वर्ज्य, तिच्याकडे पाळीप्रमुखाचे पद कसे जाणार?

कारखान्यांत जे होते, तेच सचिवालयातही होते. कोडगूच्या सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. या सेवेच्या १९६१ च्या नियमांनुसार विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घेणे स्त्री अधिकाऱ्यास बंधनकारक होते. कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे तिच्या कार्यक्षमतेस बाधा येईल, असे सरकारला वाटल्यास तिचा राजीनामाही मागता येई. ‘कार्यक्षमता’ हा व्यवस्थापनाचा निरुपद्रवी शब्द. येथे तो एकाच बाजूला कापीत होता. पदोन्नती नाकारली गेल्यावर मुथम्मा १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणीदरम्यान पदोन्नती मिळाल्याने याचिका निकाली निघाली. तथापि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वच सेवानियम तपासून त्यांतील भेदभाव काढून टाकण्याची निकड सरकारला बजावली. मुथम्मांचे २००९ मध्ये बंगळुरूत निधन झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत ‘वर्कमन’च्या जागी ‘वर्कर’ आला असून, संमती व सुरक्षेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळीही खुली झाली आहे. शब्द बदलला, हे इष्टच. परंतु कोणतीही नियमपुस्तिका तपासताना एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे स्त्रीचा वेगळा उल्लेख आहे, तो तिला काही देण्यासाठी की अडविण्यासाठी?