आजीचा तोळा, आपला तोळा

जुन्या वाटणीपत्रात ‘5 तोळे सोनं’ लिहिलंय? मग लगेच 50 ग्रॅम धरून मोकळे होऊ नका, मंडळी.

पूर्वी गावागणिक शेर वेगळा, मण वेगळा. 1833 साली कंपनी सरकारने तोळा 180 ग्रेनचा ठरवला, चांदीच्या रुपयाएवढा. म्हणजे 11.66 ग्रॅम. पुढे 1956 चा कायदा आला आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम लागू झाले. शेर गेला, मण गेला. तोळा तेवढा सराफाच्या पेढीवर टिकला, पण 10 ग्रॅमचा होऊन. नाव तेच, वजन कमी!

आता करा गुणाकार: 5 गुणिले 11.66, म्हणजे 58.3 ग्रॅम. वरचे 8.3 ग्रॅम बहिणीच्या वाट्याचे असतील तर? कागदावरचं साल आधी वाचा.