र. धों. कर्वे आणि घरात न विचारलेले प्रश्न

आजच्या भागात एक मासिक, एक खटला आणि दोनशे रुपयांचा दंड. शक्य असेल तर हा भाग हेडफोन न लावता, घरच्यांसोबत स्पीकरवर ऐका. का ते शेवटी कळेलच.

वर्ष १९३४. मुंबईच्या कोर्टात रघुनाथ धोंडो कर्वे आरोपी आहेत आणि त्यांचे वकील आहेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांचा गुन्हा काय, तर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी आपल्या मासिकात छापली. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल होते, समलिंगी संबंधांबद्दल होते. सरकारच्या मते ही अश्लीलता.

थोडं मागे जाऊया. रघुनाथराव म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं प्रसिद्ध केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. पुढे या कामापायी रघुनाथरावांची नोकरी गेली. तरी जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये वारले तोवर, म्हणजे तब्बल २६ वर्षं चालवलं. या सगळ्यात घर चाललं ते मोठ्या प्रमाणात पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर. दोघांनी ठरवून स्वतःला मूल होऊ दिलं नाही. आणि दुसऱ्यांच्या मुलांनी घरात कुणाला विचारले नसते असे प्रश्न पत्रातून यांच्याकडे यायचे!

१९३१ मध्ये पहिल्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ चा हा दुसरा. असले विकृत प्रश्न छापून उत्तरं द्यायचीच कशाला, असा कोर्टाचा रोख होता. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल. खटला हरले. दंड दोनशे रुपये.

आता ती पत्रं लिहिणाऱ्याचा विचार करा. शरीरात काहीतरी बदलतंय, भीती वाटतेय आणि विचारायचं कुणाला, तर कधी न भेटलेल्या संपादकाला. कारण घरात हा विषयच नव्हता. आज फरक एवढाच, की पत्राऐवजी फोन आहे. पण कर्वे निदान प्रश्न वाचून उत्तर द्यायचे. फोनवर उत्तराच्या जागी बऱ्याचदा एखादी क्लिप येते, आणि त्यात नकार, काळजी, संमती यांतलं काहीच नसतं.

आईबाबा का बोलत नाहीत? एक कारण भाषेत आहे. शरीराच्या या अवयवांसाठी आपल्याकडे एक तर जीवशास्त्राच्या पुस्तकातले संस्कृत शब्द आहेत, नाहीतर शिव्या. मधलं, जेवणाच्या टेबलावर बोलता येईल असं काहीच नाही. म्हणून 'शूची जागा' म्हणायचं आणि विषय बदलायचा. त्यांच्याशीही कुणी बोललं नव्हतं, मग शब्द येणार कुठून?

पण या गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांत जवळपास निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले. आणि महाराष्ट्रात शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली बंद झाला, तोही २००७ मध्येच! पुढे २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला. पण 'त्या काकांनी इथे हात लावला' हे सांगायला मुलाकडे आधी 'इथे'साठी शब्द हवा, आणि सांगितल्यावर आपल्यालाच ओरडा बसणार नाही याची खात्री हवी.

मग घरात करायचं काय? कर्व्यांच्या पत्रव्यवहारातूनच घेण्यासारखं आहे. जेवढं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. चार वर्षांच्या मुलाने 'मी कुठून आलो?' विचारलं तर 'आईच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते, तिथे वाढलास' एवढं पुरतं. अवयवाला त्याचं नाव द्यायचं, शिश्न, योनी. दहा वेळा म्हटलं की लाज निघून जाते. मुलीला पाळी येण्याआधी पाळीबद्दल सांगायचं, आणि मुलालाही. उत्तर येत नसेल तर 'बघून सांगतो' म्हणायचं आणि खरंच सांगायचं. आणि वयात आलेल्या मुलाशी फक्त 'सांभाळून राहा' नको. समोरच्याने नाही म्हटलं तर काय करायचं, आणि आपल्याला नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं, हेही बोला.

तुमच्यातले बरेच जण अजून पालक नाही. पण ताई, दादा, मामा, आत्या तर आहात. धाकटं भावंड आईबाबांकडे जायच्या आधी तुमच्याकडे येतं. ते आलं की हसू नका, एवढंच.

रघुनाथरावांना उत्तर दिल्याबद्दल दंड भरावा लागला. तुम्हाला कुणी दंड करणार नाही. हा भाग स्पीकरवर लावला असेल तर आता पॉज करा आणि घरात विचारा, 'तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?' बघा काय उत्तर येतंय. भेटूया पुढच्या भागात!