उताऱ्याचा इतिहास आणि १ जानेवारीची सकाळ

मंडळी, थर्टी फर्स्ट जवळ आला की आमच्या शिवाजी पेठेत दोन चर्चा सुरू होतात. पहिली, मटण किती किलो आणायचं. दुसरी, सकाळी डोकं धरलं तर उतारा काय घ्यायचा. कुणी लिंबूपाणी म्हणतो, कुणी तांबडा रस्सा. आणि एखादा जाणकार हमखास सांगतो, "रात्रीचीच थोडी सकाळी घे भावा, लगेच उतरतंय."

हा शेवटचा सल्ला आजकालचा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर अख्खा चोविसावा अध्याय आहे. वेडंवाकडं पिऊन झालेला त्रास मोजून दिलेल्या मद्यानेच शमवावा, असा उपाय त्यात आहे. सुश्रुतसंहितेत तर या त्रासाचे चार प्रकार आहेत : पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम. परमदाची लक्षणं बघा. अंग जड, तोंडाची चव गेलेली, तहान, डोकेदुखी, सांध्यांत ठणका. म्हणजे आपला हँगओव्हरच की!

पण चरकसंहितेतलं दुसरं वाक्य कट्ट्यावर कुणी सांगत नाही. मात्रा, वेळ, पोटातलं अन्न आणि स्वतःची ताकद बघून घेतली तर अमृत, नाहीतर विष. आपण हे सोडलं आणि उतारा तेवढा धरला.

आजचं विज्ञान सांगतं की सकाळच्या घोटाने त्रास जात नाही, नुसता पुढं ढकलला जातो. यकृत आधी नव्या दारूच्या मागे लागतं आणि जुनी घाण तशीच मागे राहते.

आता सरकारचा उतारा बघा. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. बंदी आली, तशी हातभट्टीही फोफावली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, पण अल्कोहोल असलेल्या औषधांवरची बंदी रद्द केली. पुढे नियम सैल झाले, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. कायदा मात्र आजही उभा आहे. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि तो कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! कागदावर औषध, खिशात क्वार्टर.

त्या क्वार्टरचाच हिशेब करू. १८० मिली व्हिस्कीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम जाळतं. म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते साडेआठ तास. हाफ मारली तर त्याच्या दुप्पट. रात्री एकपर्यंत हाफ संपवून सकाळी सातला जोतिबाला गाडी काढणारा गडी आंघोळ करून, गंध लावून निघतो, पण रक्तात दारू असतेच. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि समोरून येणाऱ्याचा जीव गेला तर त्याला कुठला दंड पुरणार?

रस्सा, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातलं काहीही हा वेग वाढवत नाही. रश्श्यानं मीठ-पाणी मिळतं, जिवाला बरं वाटतं, एवढंच. आणि डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेऊ नका, आधीच दमलेल्या यकृतावर तो दुसरा बोजा.

खरा उपाय आदल्या रात्रीचा आहे. आधी जेवण, मग ग्लास. प्रत्येक पेगमागे ग्लासभर पाणी. तासाला एका छोट्या पेगच्या वर नाही. आणि नाहीच घेतली तर सगळ्यात उत्तम. हे शहर तालमींचं आहे. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं, खासबागेत कुस्ती बघणारं. "नाही घेत" म्हणणाऱ्याला इथं कुणी मऊ समजायचं कारण नाही.

पेठेतल्या मंडळांना एकच विनंती. पार्टीची वर्गणी गोळा करता, तशा त्या रात्री गाड्यांच्या किल्ल्याही गोळा करा. आणि त्या सकाळी नाही, दुपारी जेवणं झाल्यावर परत द्या. जोतिबा कुठं जात नाही, संध्याकाळी पण दर्शन मिळतंय.