घाट, प्लेग आणि एक वक्ररेषा

२०२१ च्या पावसाळ्यात भुशी धरणाचा रस्ता पर्यटकांना बंद होता. लोणावळ्याच्या बाजारातले एक चिक्कीवाले काका मला म्हणाले, "बंदी उठली की गिऱ्हाईक किती येणार, ते आम्हाला बरोबर कळतं. त्यांच्याबरोबर आजार किती येणार, हे कोणी सांगेल का?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी सव्वाशे वर्षे मागे गेलो.

आजचे लोणावळे रेल्वेने घडवले. १८५८ मध्ये पुण्याकडून गाडी खंडाळ्यापर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा पळणाऱ्यांना हाच मार्ग जवळचा होता. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार लाखांहून अधिक लोक शहर सोडून गेल्याचा अंदाज आहे. कोणी बोटीने कोकणात गेले, कोणी गाडीने देशावर.

४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला रेल्वे प्रवाशांना तपासण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला. कल्याणला गाड्या थांबवून अंगात ताप आहे का, काखेत-जांघेत गाठ आहे का, हे पाहिले जाई. तरीही प्लेग घाट चढला. पुणे तर होरपळलेच. त्याच वर्षी लोणावळ्यातही साथ आली आणि हाफकिन यांच्या नव्या लशीची परीक्षा ज्या गावांत झाली, त्यांत लोणावळ्याचे नाव लागले. तपासणीत आजारी माणूस सापडे; पण ज्याच्या शरीरात रोग अजून दबून होता तो, आणि वळकटीतली पिसू, दोन्ही सहज पुढे जात. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्के व्हायला आणखी काही वर्षे लागली.

दरम्यान सक्तीविरुद्ध संताप वाढला. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाली. पुढे निर्बंध सैल झाले, ते मुख्यतः लोकक्षोभामुळे. निर्बंध सैल केल्यास धोका किती वाढेल, हे मोजण्याचे गणितच तेव्हा नव्हते.

ते गणित आले १९२७ मध्ये, आणि त्याची कसोटी मुंबईच्याच मृत्यूंवर लागली. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबईतले प्लेगचे आठवडी मृत्यू घेऊन घंटेच्या आकाराची वक्ररेषा त्यांवर बसवली. मॅकेंड्रिक हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत राहिलेले. आजही साथीच्या गणिताचा पाया तोच आहे. रेषा आकड्यांवर सुरेख बसते. पण त्या समीकरणात वस्ती बंदिस्त मानली आहे: कोणी येत नाही, कोणी जात नाही. म्हणजे ज्या शहरातून लाखो माणसे घाट चढून गेली होती, त्याच शहराच्या गणितात घाट नाही, गाडी नाही.

ही उणीव नंतरच्या अभ्यासकांनी भरून काढली. २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी हिमाचलसारख्या पर्यटनावर जगणाऱ्या राज्याचे प्रारूप मांडले. पर्यटकांचा लोंढा एकदम आला तर लाटेचे शिखर अधिक उंच होऊ शकते आणि लवकरही येऊ शकते, असे त्यातून दिसले.

तरी लोणावळ्याचा हिशेब मला निराळा वाटतो. इथला पाहुणा बहुधा सकाळी येतो आणि रात्री घरी जातो. तो आजारी पडला तर त्याची नोंद मुंबईत किंवा पुण्यात होते. गावात मागे राहतात ते खोल्या झाडणारे, रिक्षा चालवणारे, भजी तळणारे. १८९७ च्या तपासणीत एकच प्रश्न होता: गाडीत कोण आजारी आहे? गाडी गेल्यावर गावात कोणाचे काय होईल, हे त्या तपासणीत विचारले जात नव्हते.

काकांना मी आकडा देऊ शकलो नाही. एवढेच म्हणालो, "बंदी उठवायला कोणी आलं तर किती गाड्या सोडणार हे नंतर विचारा. आधी विचारा, बाजारातल्या किती जणांची लस झाली आणि मावळात खाटा किती रिकाम्या आहेत."

काकांनी चिक्कीच्या पुड्याच्या कागदावर दोन्ही प्रश्न लिहून घेतले.